हिमोग्लोबिन कमी, एचबीए१सी जास्त: पण साखर खरंच वाढली का?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी आरआरसीसमोर मी जो आराखडा मांडला, त्याचं शीर्षक होतं 'मधुमेही स्त्रियांमधील रक्तक्षय आणि साखरेचे नियंत्रण यांचा सहसंबंध'. स्लाइड छान झाल्या होत्या, नमुना-संख्या काढली होती, संदर्भही भरपूर होते. सादरीकरण संपल्यावर बाहेरून आलेल्या एका मॅडमनी विचारलं, "साखरेचं नियंत्रण कशाने मोजणार?"

"एचबीए१सीने."

"आणि रक्तक्षय?"

"हिमोग्लोबिनने."

"म्हणजे हिमोग्लोबिनचा संबंध हिमोग्लोबिनशीच लावणार का?"

मागे कोणीतरी हसलं. मला हसूही आलं नाही आणि रागही आला नाही, कारण प्रश्नच कळला नव्हता. तो कळायला चार महिने गेले. तुम्ही पेट किंवा नेटची तयारी करत असाल, विषय शोधत असाल, तर ते चार महिने वाचावेत म्हणून हे लिहिते आहे. विषय ॲनिमिया आणि मधुमेहाचा आहे, पण चूक कोणत्याही विषयात होऊ शकते.

अशा निबंधांचा साचा

या विषयावर शोध घेतलात की वैद्यकीय महाविद्यालयांतून आलेले बरेच छोटे अभ्यास सापडतात. साचा ठरलेला असतो. बाह्यरुग्ण विभागात आलेले शंभर-दोनशे मधुमेही घ्यायचे. त्यांचं हिमोग्लोबिन आणि एचबीए१सी एकाच दिवशी तपासायचं. एचबीए१सी ७ टक्क्यांच्या आत असेल तर 'नियंत्रित' आणि वर असेल तर 'अनियंत्रित' असे दोन गट पाडायचे. अनियंत्रित गटात ॲनिमिया जास्त दिसतो, पी-मूल्य ०.०५ च्या खाली येतं आणि निष्कर्ष लिहिला जातो की ॲनिमियामुळे साखरेचं नियंत्रण बिघडतं, म्हणून प्रत्येक मधुमेही रुग्णाचं हिमोग्लोबिन तपासावं.

या वाक्यातल्या सल्ल्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. हिमोग्लोबिन जरूर तपासावं. तक्रार आहे ती वाक्याच्या पहिल्या अर्ध्या भागाबद्दल. साखरेचं नियंत्रण बिघडलं असं म्हणताना साखर मोजलेलीच नसते. मोजलेला असतो तो साखरेचा हिमोग्लोबिनवर उमटलेला ठसा. आणि ॲनिमियात नेमकं काय बदलतं? ज्या कागदावर हा ठसा उमटतो तो कागदच बदलतो. मग ठसा गडद दिसला तर शाई जास्त होती की कागद वेगळा होता, हे त्या एका मापातून कळणार कसं? मॅडमना हेच विचारायचं होतं.

एचबीए१सी नक्की काय मोजतं?

तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनला रक्तातली साखर आपोआप चिकटते. त्याला विकर लागत नाही. ती बीटा साखळीच्या टोकाच्या व्हॅलिनला चिकटते आणि एकदा पक्की बसली की ती पेशी संपेपर्यंत राहते. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. म्हणून एकूण हिमोग्लोबिनपैकी किती टक्क्यांना साखर चिकटली आहे, यावरून मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज येतो. त्यातही शेवटच्या महिन्याचा वाटा सर्वात मोठा, साधारण निम्मा असतो.

१९६० च्या दशकाच्या शेवटी तेहरानमध्ये सॅम्युएल राहबार यांना मधुमेही रुग्णांच्या रक्तात हे वेगळं हिमोग्लोबिन दिसलं. पुढे १९९३ मध्ये १,४४१ रुग्णांचा डीसीसीटी हा मोठा अभ्यास आला. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात साखर काटेकोर ठेवली तर डोळे, मूत्रपिंडं आणि नसा यांचे विकार कमी होतात, हे त्याने दाखवलं, आणि एचबीए१सी उपचाराचं लक्ष्य बनलं. २०१० मध्ये अमेरिकन डायबिटिस असोसिएशनने आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ६.५ टक्के ही निदानाची रेषा म्हणून मान्य केली. जागतिक आरोग्य संघटनेने त्याला एक अटही जोडली होती: माप चुकवणारी कोणतीही अवस्था रुग्णात नसावी. रेषा सगळ्यांच्या लक्षात राहिली आणि अट मागे पडली.

ही अट का आहे, ते मला लोणच्याच्या बरणीवरून नीट समजलं. खार म्हणजे रक्तातली साखर आणि कैरीच्या फोडी म्हणजे तांबड्या पेशी. फोड जितके दिवस खारात राहील तितकी मुरेल. एचबीए१सी म्हणजे बरणीतल्या फोडी सरासरी किती मुरल्या आहेत, याचं माप. फोड चाखून आपण खाराचा अंदाज बांधतो. हा अंदाज बरोबर यायचा तर बरणीत रोज ठरावीक नव्या फोडी पडल्या पाहिजेत आणि तेवढ्याच जुन्या निघाल्या पाहिजेत.

आता लोह कमी पडलं असं समजा. नव्या पेशी तयार होण्याचा वेग मंदावतो. बरणीत नव्या फोडी कमी पडतात, जुन्यांचं प्रमाण वाढतं. खार तोच, पण फोड चाखली तर जास्त मुरलेली लागते. लोहाच्या कमतरतेत एचबीए१सी वाढलेलं दिसण्याचं सगळ्यात जास्त दिलं जाणारं स्पष्टीकरण हे आहे. लोह कमी असताना पेशींवरचा ऑक्सिडीकरणाचा ताण वाढतो आणि त्यामुळे साखर चिकटण्याची क्रियाच वेगाने होते, असंही एक मत आहे.

याच्या उलटही घडतं. पेशी लवकर फुटत असतील, रक्तस्राव झाला असेल, रक्त चढवलं असेल किंवा मूत्रपिंडाच्या आजारात एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं चालू असतील, तर बरणीत कोवळ्या फोडीच जास्त असतात. साखर कितीही वाढलेली असली तरी एचबीए१सी बिचारं सज्जन दिसतं.

इथे एक चुकीचं स्पष्टीकरण आधीच बाजूला काढू, कारण ते मीही आराखड्यात लिहिलं होतं. 'हिमोग्लोबिन कमी झालं म्हणजे छेद लहान झाला, म्हणून टक्केवारी वाढली.' हे पटकन पटतं, पण खरं नाही. एकूण हिमोग्लोबिन १४ वरून ७ ग्रॅमवर आलं आणि साखर चिकटलेलं हिमोग्लोबिनही त्याच प्रमाणात निम्मं झालं, तर टक्केवारी जिथे होती तिथेच राहील. फरक पडतो तो पेशींच्या वयामुळे. ॲनिमिया किती आहे याइतकंच तो कशामुळे आहे हे महत्त्वाचं.

तीन अभ्यास, तीन उत्तरं

आता प्रत्यक्ष अभ्यास वाचू. तिन्ही छोटे आहेत आणि तिन्हींनी काहीतरी शिकवलं.

पहिला तुर्कस्तानातला, २००४ चा. चोबान आणि सहकाऱ्यांनी लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया असलेले, पण मधुमेह नसलेले ५० जण घेतले. त्यांचं सरासरी एचबीए१सी होतं ७.४ टक्के. म्हणजे केवळ त्या आकड्यावर निदान केलं असतं तर बहुतेकांना मधुमेही ठरवता आलं असतं. लोह दिल्यावर तेच ६.२ वर आलं. या अभ्यासाचं बळ कशात आहे? मधुमेह किंवा बिघडलेली ग्लुकोज-सहनशीलता असलेल्यांना आधीच वगळलं होतं आणि तुलना त्याच माणसांची, उपचाराआधी आणि उपचारानंतर, अशी होती. दुबळेपणा कशात? संख्या लहान आहे आणि फरक इतका मोठा आहे की तो दुसरीकडे तसाच मिळेल का, ही शंका वाचतानाच यायला हवी.

ती शंका रास्त निघते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीची १९९९ ते २००६ ची आकडेवारी घेऊन किम आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये हाच प्रश्न हजारो माणसांवर तपासला. लोह कमी असलेल्या, मधुमेह नसलेल्या स्त्रियांमध्ये एचबीए१सी ५.५ च्या वर असण्याची शक्यता जास्त होती, पण ६.५ च्या वर असण्याची शक्यता वाढलेली दिसली नाही. दिशा तीच, आकार बराच लहान. रुग्णालयात येणारा ॲनिमिया तीव्र असतो आणि घरोघरच्या पाहणीत सापडणारा बहुतेक सौम्य असतो. दोन्ही निकाल एकाच वेळी खरे असू शकतात.

दुसरा अभ्यास दिल्लीतला, २०१२ चा. सिन्हा आणि सहकाऱ्यांनी मधुमेह नसलेले, लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया असलेले ५० रुग्ण घेतले. त्यांना नेमकं उलट दिसलं. ॲनिमिया असताना एचबीए१सी निरोगी गटापेक्षा कमी होतं आणि दोन महिन्यांच्या उपचारानंतर ते वाढलं. हा निबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा मी तो संदर्भसूचीतून काढूनच टाकला होता, कारण तो माझ्या 'कथेत' बसत नव्हता. प्रामाणिकपणे सांगते, हे मी केलं होतं आणि कोणी पकडलंही नव्हतं. तुम्ही असं करू नका. न बसणारा निकाल जास्त लक्ष देऊन वाचायचा असतो. दोन महिने म्हणजे पेशींचं एक पूर्ण आयुष्यसुद्धा नाही, म्हणजे बरणी अजून स्थिर झालेली नसताना माप घेतलं गेलं. ॲनिमियाची तीव्रता, मोजण्याची पद्धत, लोहाबरोबर दुसरी कमतरता असणं, यांतलं काहीही कारण असू शकतं. २०१५ मध्ये 'डायबेटॉलॉजिया'मध्ये इंग्लिश आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यासांचा पद्धतशीर आढावा घेतला. त्यांचं म्हणणं असं की लोहाच्या कमतरतेत एचबीए१सी फसवं वाढण्याकडे कल आहे, आणि इतर प्रकारच्या ॲनिमियात ते कमी दिसू शकतं. मात्र कोणत्या पातळीच्या ॲनिमियाला किती दुरुस्ती करायची, असं कोष्टक या पुराव्यातून निघत नाही.

तिसरा आपल्या पुण्यातला, तोही २०१२ चा. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने ११६ तरुणांची तपासणी करून 'डायबिटिस केअर'मध्ये तो प्रसिद्ध केला. ग्लुकोज पाजून केलेल्या चाचणीने ७.८ टक्के तरुण मधुमेहपूर्व अवस्थेत निघाले. एचबीए१सीने मोजल्यावर तोच आकडा २३.३ टक्के झाला. प्रत्यक्ष मधुमेहाचं प्रमाण मात्र दोन्ही चाचण्यांनी २.६ टक्केच आलं. तीच माणसं, तेच शहर, आणि मधुमेहपूर्व अवस्था जवळजवळ तिप्पट! या गटात लोहाची आणि बी-१२ ची कमतरता सर्रास होती.

या निबंधात मला सर्वात आवडलेली गोष्ट त्याच्या शीर्षकात आहे. हे प्रमाण फसवं जास्त दिसतं आणि ॲनिमिया व रक्ताशी संबंधित घटक त्याचं 'अंशतः' स्पष्टीकरण देतात, असं ते म्हणतात. या 'अंशतः'साठी धैर्य लागतं. ग्लुकोजची चाचणी एका दिवसाची असते आणि पुन्हा केली तर तीही बदलू शकते. दोन चाचण्या वेगवेगळ्या गोष्टी मोजतात, त्यामुळे ॲनिमिया नसलेल्यांतही त्या पूर्ण जुळत नाहीत. सगळा दोष ॲनिमियावर ढकलला असता तर निबंध जास्त गाजला असता, पण कमी खरा झाला असता.

मावशीचा रिपोर्ट

आता घरातली गोष्ट. मी या विषयाकडे वळले ते मावशीमुळे, आणि तिच्याच बाबतीत मी चुकले.

मावशी तेव्हा ४६ वर्षांची होती. मधुमेहाच्या गोळ्या चालू होत्या. पाळीच्या वेळी खूप रक्तस्राव व्हायचा, पण 'या वयात होतंच' म्हणून तिने तो अंगावर काढला होता. उपाशीपोटी साखर ११२, जेवणानंतर १४८ आणि एचबीए१सी ८. रिपोर्टवर खाली छापलं होतं, 'अंदाजे सरासरी ग्लुकोज १८३'. ती मला म्हणाली, "अगं, घरच्या मशीनवर तर कधी एवढी येत नाही." मी नुकतीच पीएचडीला लागलेली, तोऱ्यात होते. म्हटलं, "मावशी, मशीनची साखर त्या क्षणाची असते. हा तीन महिन्यांचा हिशोब आहे. याच्यावर विश्वास ठेव." डॉक्टरांनी ग्लिमेपिराइडचा डोस वाढवला. मी भात बंद करायला लावला.

दोन आठवड्यांनी दुपारी ती ओट्याजवळ घामाघूम होऊन खाली बसली. शेजारच्या काकूंनी साखर तपासली तर ५२. गूळ-पाणी दिल्यावर सावरली. नंतर केलेल्या तपासणीत हिमोग्लोबिन ८.४ निघालं आणि फेरिटिनही खूप कमी होतं. तिच्या घरच्या मशीनची नोंदवही पहिल्यापासून बरोबर होती. सहा महिन्यांची नोंद, तारखेनिशी, वाण्याच्या वहीत. ती वही मी उघडूनही पाहिली नव्हती.

आता तो १८३ आकडा कुठून आला ते पाहा. तो कोणी मोजला नव्हता. तो एका सूत्रातून येतो: २८.७ गुणिले एचबीए१सी, वजा ४६.७. आठ घातलं की १८२.९ येतं. हे सूत्र २००८ च्या एडीएजी या अभ्यासातलं आहे. त्यात शेवटी ५०७ जणांची आकडेवारी वापरली होती. काम अत्यंत काटेकोर होतं, आणि त्या काटेकोरपणाचाच भाग म्हणून ॲनिमिया असलेल्यांना अभ्यासातून वगळलं होतं. ते योग्यच होतं, कारण त्यांना साखर आणि एचबीए१सी यांचं स्वच्छ नातं शोधायचं होतं. पण वगळलेल्या माणसाच्या रिपोर्टवर तेच सूत्र छापलं जातं तेव्हा ते वगळणं कुठेच छापलेलं नसतं. माझ्या मावशीसारखी एकही बाई त्या ५०७ मध्ये नव्हती.

आणि अशा बायका आपल्याकडे थोड्या नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना ॲनिमिया आढळला, महाराष्ट्रात ५४.२ टक्के. बोटातून घेतलेल्या रक्ताच्या पद्धतीवर नंतर बरीच टीका झाली, आणि हा सगळा ॲनिमिया लोहाचाच असतो असंही नाही. आकडा खाली आणला तरी तो 'अपवाद' ठरत नाही. दुसरीकडे आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाने २०२३ मध्ये देशात १० कोटींहून जास्त मधुमेही असल्याचा अंदाज दिला. या दोन्ही वर्तुळांत एकाच वेळी असलेल्या बायका किती असतील, याचा विचार करा.

चूक दुसऱ्या दिशेनेही होते. अमेरिकेत २०१७ मध्ये लेसी आणि सहकाऱ्यांनी ४,६२० आफ्रिकन-अमेरिकन लोकांची आकडेवारी पाहिली. साखर सारखीच असताना सिकलसेलचे वाहक असलेल्यांचं सरासरी एचबीए१सी ५.७२ होतं, नसलेल्यांचं ६.०१. हा आकडा उचलून गडचिरोलीत किंवा नंदुरबारमध्ये चिकटवता येणार नाही, कारण तिथला सिकलसेल आणि तिथली माणसं वेगळी आहेत. पण प्रश्न मात्र तिथे विचारलाच पाहिजे. मावशीच्या बाबतीत निदान घाबरून औषध वाढलं. एचबीए१सी फसवं कमी दिसलं तर कोणी घाबरतच नाही, आणि डोळे-मूत्रपिंडं हळूहळू जात राहतात.

बाण कुठून कुठे?

समजा, मोजमापाची अडचण सुटली. तरी 'ॲनिमियामुळे नियंत्रण बिघडतं' हे वाक्य अजून सिद्ध होत नाही, कारण बाण उलटाही असू शकतो. मधुमेहाने मूत्रपिंडं खराब झाली की एरिथ्रोपोएटिन कमी पडतं आणि ॲनिमिया होतो. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्याने बी-१२ कमी होऊ शकतं. २००३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या थॉमस आणि सहकाऱ्यांनी ८२० मधुमेही तपासले तेव्हा २३ टक्क्यांना ॲनिमिया निघाला, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताच नव्हता. म्हणजे इथे बाण मधुमेहाकडून ॲनिमियाकडे जातो. शिवाय वय, गरिबी, निकृष्ट आहार हे दोन्हींच्या मागे असू शकतात. एकाच दिवशी दोन तपासण्या करून यांतला कोणता बाण खरा, हे सांगता येत नाही.

याहून बेमालूम फसवणूक उपचारांच्या अभ्यासात होते. लोह कमी असलेल्या मधुमेहींना तीन महिने लोहाच्या गोळ्या दिल्या, एचबीए१सी उतरलं, निष्कर्ष: 'लोहाने साखर नियंत्रणात येते'. बरणी आठवा. लोह मिळाल्यावर नव्या फोडी भराभर पडतात आणि सरासरी मुरणं कमी होतं. खार एक थेंबही बदललेला नसताना आकडा उतरतो. गटवारीचा अभ्यास चुकला तर चूक निदान दिसते. इथे तर रुग्ण खूश, संशोधक खूश आणि साखर जिथल्या तिथे.

आणखी एक गंमत. काल्पनिक उदाहरण घ्या. ॲनिमिया असलेले १०० मधुमेही आहेत. ५० जणांना लोहाची कमतरता आहे, त्यांचं एचबीए१सी अर्ध्या टक्क्याने फसवं वाढलंय. उरलेल्या ५० जणांना मूत्रपिंडाचा ॲनिमिया आहे, त्यांचं तेवढंच फसवं कमी झालंय. सगळ्यांना 'ॲनिमिया' या एका डब्यात टाकलं की सरासरी फरक शून्य येतो आणि आपण लिहितो, 'ॲनिमियाचा एचबीए१सीवर परिणाम आढळला नाही'. प्रत्यक्षात शंभरही रिपोर्ट चुकीचे!

वाचताना विचारायचे प्रश्न

आता असा निबंध हातात आला की मी समासात पाच प्रश्न लिहिते.

१. साखर साखरेने मोजली आहे का? उपाशीपोटीची, जेवणानंतरची, घरची नोंद किंवा त्वचेवरच्या सेन्सरची सलग नोंद, काहीतरी हिमोग्लोबिनशिवायचं हवं. फ्रुक्टोसामिन किंवा ग्लायकेटेड अल्ब्युमिनही चालतं, पण अल्ब्युमिन लघवीतून जात असेल तर तेही फसवतं. कोणतंच माप सोवळं नसतं.

२. ॲनिमिया कोणता? फक्त 'स्त्रियांत १२ च्या खाली, पुरुषांत १३ च्या खाली' एवढंच लिहिलं असेल तर पुढचं सावधपणे वाचा. फेरिटिन, बी-१२, मूत्रपिंडाची स्थिती दिली आहे का ते पाहा.

३. कोण वगळलं आहे? मी हा परिच्छेद आता सर्वात आधी वाचते. निष्कर्ष कोणाला लागू नाही, हे तिथे लिहिलेलं असतं.

४. मोजण्याची पद्धत कोणती? यंत्र बदलून वेगळ्या जातीच्या हिमोग्लोबिनमुळे येणारी गडबड बरीच टाळता येते. पण पेशींचं आयुष्यच बदललं असेल तर कोणतंही यंत्र ते दुरुस्त करू शकत नाही. ते आपल्या समोर आलेल्या फोडी बरोबरच मोजत असतं.

५. 'मुळे' हा शब्द कुठे आला? निकालात 'संबंध आढळला' असतो आणि निष्कर्षापर्यंत जाताना त्याचं 'मुळे' होतं. ते वळण कोणत्या ओळीत घेतलंय, तिथे पेन्सिलने खूण करा.

एक गैरसमज नको. एचबीए१सी कुचकामी आहे, असं माझं म्हणणं नाही. ज्या माणसाच्या पेशी नेमाने तयार होतात आणि नेमाने संपतात, त्याच्यासाठी ही उत्तम चाचणी आहे. उपाशी राहावं लागत नाही आणि आदल्या दिवशी पथ्य पाळून तिला फसवताही येत नाही. हे वाचून कोणी स्वतःचं किंवा घरच्यांचं औषध आपल्या मनाने कमी करू नये. घरची साखर आणि रिपोर्ट जुळत नसतील तर दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जावं आणि हिमोग्लोबिन तपासायचं का, एवढं विचारावं.

माझा आराखडा मी परत लिहिला. आता त्यात 'साखरेचे नियंत्रण' हा शब्द शीर्षकात नाही. लोहाची कमतरता असलेल्या मधुमेही स्त्रियांत, सेन्सरने मोजलेली सरासरी साखर आणि एचबीए१सी यांच्यात किती तफावत पडते आणि लोह दिल्यावर ती किती दिवसांत भरून येते, एवढाच प्रश्न आहे. आधीपेक्षा लहान प्रश्न आहे. नमुना-संख्याही लहान झाली, कारण सेन्सर महाग आहेत. आरआरसीने या वेळी तो मान्य केला. त्याच मॅडम होत्या. त्यांनी फक्त विचारलं, "घरच्या ग्लुकोमीटरच्या नोंदी घेणार का?"

"हो," म्हटलं, "त्या सगळ्यात आधी."

मावशीची वाण्याची वही सध्या माझ्या टेबलावर आहे. ती परत मागते आहे, कारण तिची नवी वही भरत आली.